झॉम्बीच्या गेमला एवढे मार्क कसे पडले?

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती की सुट्टीत एकच जुना गेम खेळायचा असेल तर टेलटेल कंपनीचा २०१२ चा ‘द वॉकिंग डेड’ खेळा (मेलेली माणसं झॉम्बी होऊन उठलेल्या जगातली पाच भागांची गोष्ट, उत्तरं निवडत आणि निर्णय घेत पुढे जायचं), झॉम्बी आवडत नसले तरी खेळा. त्या एका ओळीवर इंदूरच्या वाचकांनी एवढी पत्रं पाठवलीत की बाकीचे प्रश्न या वेळी बाजूलाच ठेवावे लागले, आणि निम्मी पत्रं तर सरळ भांडायलाच आलीयेत, जे मला आवडलं. ज्यांनी अजून खेळला नाहीये त्यांच्यासाठी, पहिल्या तीन भागांतल्या काही गोष्टी खाली फुटणार आहेत. शेवट फोडणार नाही.

प्रश्न : ताई, मी भंवरकुआंला रूम करून राहतो, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. तुमचं वाचून गेम घेतला, दोन रात्रीत संपवला, मग परत पहिल्यापासून खेळलो आणि प्रत्येक ठिकाणी मुद्दाम उलट उत्तर दिलं. गोष्ट तीच! तीच माणसं मरतात, तिथेच जाऊन पोचतो. सुरुवातीला स्क्रीनवर लिहून येतं की तुम्ही जसं खेळाल तशी गोष्ट बदलेल, हे सरळ सरळ खोटं नाही का? वरून कोडी अशी की माझी बारकी बहीण सोडवेल, आणि गोळीबार तर विचारूच नका. माझा रूममेट म्हणतो हा गेमच नाहीये भिया, पिक्चर आहे, मधे मधे बटण दाबायचं. मग समीक्षकांनी याला नव्वदीच्या आसपास मार्क कशाचे दिले?

उत्तर : तू जे पकडलंस ते खरंय. हर्शेलच्या शेतावरचा प्रसंग घे, त्याचा मुलगा शॉन ट्रॅक्टरखाली अडकलाय, बाजूला आपल्या सोबतच्या केनीचा पोरगा डक, झॉम्बी अंगावर आलेत आणि तुला एकाकडेच धावता येतं. कोणाकडेही धाव, शॉन जातो आणि डक वाचतो. पुढे मेकनच्या औषधाच्या दुकानात डग की कार्ली असा पेच येतो, ज्याला वाचवशील तो किंवा ती तिसऱ्या भागात जातेच. म्हणजे फाटा फुटतो आणि थोडं पुढे जाऊन परत मुख्य रस्त्याला लागतो. लिहिणाऱ्यांचीही मजबुरी असते, प्रत्येक फाटा शेवटपर्यंत वेगळा न्यायचा म्हटलं तर पाच भागांत शंभर गोष्टी लिहाव्या लागतील, शूट कराव्या लागतील, आवाज द्यावे लागतील, आणि टेलटेल काही फार मोठी कंपनी नव्हती.

पण आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट बघ. २०१२ च्या मार्चमध्ये ‘मास इफेक्ट ३’ आला. तीन गेमभर लोकांनी निर्णय घेतले होते आणि शेवटी सगळ्यांना जवळपास सारखाच शेवट मिळाला, तर केवढा गदारोळ झाला, इतका की कंपनीला जूनमध्ये शेवट वाढवून परत द्यावा लागला. आणि बरोबर याच गदारोळात, एप्रिलच्या शेवटी, ‘वॉकिंग डेड’चा पहिला भाग आला. निर्णयांची तीच बनवाबनवी, तेच वर्ष, तेच खेळणारे, आणि इकडे मात्र वाहवा! हे कसं काय झालं याचं उत्तर सापडलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडतं असं मला वाटतं.

‘मास इफेक्ट’मध्ये प्रश्न होता जगाचं काय होणार. इकडे जगाचं काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांतच ठरून गेलेलं असतं, वाटोळं झालंय, संपलं. प्रश्न उरतो तो ली एव्हरेट, म्हणजे ज्याच्या जागी आपण खेळतो तो, कसा माणूस आहे एवढाच. इतिहासाचा प्राध्यापक, खुनाची शिक्षा झालेला, पोलिसांच्या गाडीतून तुरुंगात चाललाय आणि वाटेत अपघात होतो, आणि मग झाडावरच्या खोपीत लपलेली आठ वर्षांची क्लेमेंटाइन त्याला भेटते जिचे आईवडील सवानाला गेलेत आणि परत आलेले नाहीत. त्यापुढे तू जे जे करतोस ते ती पोरगी बघत असते. वर कोपऱ्यात येतं, ‘क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल’. आता खरं सांग, पहिल्या वेळी खेळताना ते वाचून पोटात काहीतरी झालं की नाही? दुसऱ्या वेळी झालं नसेल, कारण तू तेव्हा ली नव्हतास, तपासणी करायला बसलेला इन्स्पेक्टर होतास. समीक्षकांनी मार्क दिले ते पहिल्या वेळच्या खेळण्याला, आणि बहुतेकांनी तो एकदाच खेळला असणार कारण पुढच्या आठवड्यात दुसरा गेम टेबलावर येऊन पडलेला असतो.

दुसऱ्या भागाची सुरुवात आठव. मोटेलमध्ये सगळे उपाशी, गटातली लिली तुझ्या हातात खायच्या चार वस्तू देते आणि म्हणते आज तूच वाट. तोंडं चारपेक्षा जास्त. मुलांना दिलंस तर लॅरी म्हातारा खवळणार, काम करणाऱ्यांना दिलंस तर मुलं बघत राहणार, स्वतः खाल्लंस तर... खाऊन बघ. या वाटपाने पुढे मोठं असं काहीच बदलत नाही, तू तपासलंच असशील. पण त्या वर्षी समीक्षकांना भावलं ते हेच, बंदूक नाही, झॉम्बी नाही, अर्धं सफरचंद कोणाला द्यायचं एवढ्यावर एक अख्खा प्रसंग. आणि उत्तर द्यायला वेळ कमी, खाली पट्टी सरकत असते, गप्प राहिलास तर तेही उत्तर धरलं जातं आणि समोरचा तेही मनात ठेवतो. शॉन वाचला नाही तरी तू कोणाकडे धावलास हे केनी विसरत नाही, पुढच्या भागात बोलण्यात येतंच. म्हणजे घटना बदलत नाहीत पण माणसं तुझ्याशी कशी बोलतात ते बदलतं. शेवटच्या भागात तर एक माणूस तुला समोर बसवून तू काय काय केलंस याचा हिशोबच मागतो, तो कोण ते सांगत नाही, इतरांसाठी.

रूममेटला सांग की ‘हा गेमच नाही’ हे तेव्हाही म्हणणारे होते आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण समीक्षक कमी बटणांवर उगाच फिदा होतात असंही नाहीये. याच टेलटेलने आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, ‘जुरासिक पार्क’ काढला होता, तिथेही मुख्यतः स्क्रीनवर दाखवतील ते बटण वेळेवर दाबायचं, आणि त्याला पुष्कळ ठिकाणी धुतला होता. फॉर्म बराचसा सारखा, फरक एवढाच की तिथे बटण चुकलं तर डायनासोर खातो आणि परत सुरू होतं, इकडे बटण दाबल्यावर एखादं माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतं.

आता तुझ्या बाजूने. कोडी सोपी, नेम धरणं वैतागवाणं (चौथ्या भागात तर फारच, आणि तो भाग बाकीच्यांपेक्षा समीक्षकांनाही कमी आवडला होता), चित्र मधेच अडखळतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या काळी काही लोकांचं सेव्ह (म्हणजे तोवरच्या खेळाची नोंद) एका भागातून दुसऱ्या भागात गेलंच नाही, म्हणजे ज्या गेमचा सगळा जीवच ‘तुम्ही काय केलंत ते लक्षात राहील’ यात आहे तोच विसरून गेला! हे परीक्षणांमध्ये लिहिलेलं सापडतं, पण बहुतेक ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात दोन ओळी आणि मार्क मात्र जिथल्या तिथे. इथे मी तुझ्या बाजूने आहे. सेव्ह उडणाऱ्या गेमला मी नव्वद दिले नसते, गोष्ट कितीही रडवणारी असो.

आणि सगळ्यांनीच त्याला डोक्यावर घेतलं असंही समजू नकोस. अमेरिकेत स्पाइक वाहिनीच्या २०१२ च्या पुरस्कारांत वर्षाचा सर्वोत्तम गेम हाच ठरला, ‘डिसऑनर्ड’, ‘जर्नी’, ‘मास इफेक्ट ३’, ‘असॅसिन्स क्रीड ३’ हे सगळे मागे पडले. पण ब्रिटनच्या २०१३ च्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्तम गेम ‘डिसऑनर्ड’ झाला आणि याला मिळाले कथेचा आणि मोबाइलचा असे दोन. अमेरिकेत गेम बनवणारेच देतात त्या डाइस पुरस्कारांत तर ‘जर्नी’ पुढे. म्हणजे कथेबद्दल फारसा वाद नाही, गेम म्हणून मात्र तेव्हाही मतं फाटलेलीच होती, तू आणि तुझा रूममेट काही वेगळं बोलत नाहीयात.

प्रश्न : ताई (वयाने मी मोठाच असणार, पण सगळे म्हणतात म्हणून), मी तिलकनगरला राहतो, बँकेतून रिटायर झालो. नातू टीव्हीला जोडून हा गेम खेळतो, मी बाजूला बसून बघतो, चक्क नाटक बघितल्यासारखं वाटलं. पण त्याचे पाच तुकडे का केलेत? आणि नातू म्हणतो तेव्हाच्या परीक्षणांत प्रत्येक तुकड्याला वेगळे मार्क असायचे. अपुऱ्या गोष्टीला मार्क देतात म्हणजे काय? इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला पहिला अंक झाल्यावर कोणी मत विचारलं तर आम्ही म्हणतो थांबा हो, पूर्ण तर होऊ द्या.

उत्तर : काका, तुमच्या प्रश्नाने मी खरंच खूश झाले, कारण या गेमच्या कौतुकातली निम्मी मेख तिथेच आहे आणि कोणी विचारत नाही.

पाच तुकडे मुळात पैशाच्या गणितामुळे. टेलटेल २००४ मध्ये सुरू झाली, लुकासआर्ट्स या जुन्या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी काढली, आणि त्यांची पहिल्यापासूनची युक्ती हीच की अख्खा गेम एकदम करायला जो पैसा आणि वेळ लागतो तो आपल्याकडे नाही तर भागाभागाने करू, पहिला विकला गेला की पुढचा. ‘वॉकिंग डेड’चा पहिला भाग २०१२ च्या एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये, तिसरा ऑगस्टमध्ये, चौथा ऑक्टोबरमध्ये आणि पाचवा नोव्हेंबरमध्ये आला. महिन्याला एक असं काहीतरी लोकांच्या डोक्यात होतं, प्रत्यक्षात वाट बघायला लागली आणि लोक चिडलेही.

पण त्या वाट बघण्याने काय झालं बघा. तुमच्या पिढीने मासिकात ‘क्रमशः’ वाचलंय, पुढचा अंक येईपर्यंत घरात त्या पात्रांवर वाद व्हायचे, तसं. दोन भागांच्या मधे खेळणारा माणूस दोन महिने विचार करत बसायचा की मी लॅरीच्या बाबतीत जे केलं ते बरोबर की चूक, आणि मित्राने काय केलं. त्यात गेमवाल्यांनी खुबी अशी केली की प्रत्येक भागाच्या शेवटी टक्केवारी दाखवली, इतक्या टक्के लोकांनी तुमच्यासारखं केलं, इतक्यांनी उलट. म्हणजे भांडणाला विषय हातात देऊनच पडदा पाडायचा. समीक्षकांचंही तसंच झालं, एका गेमबद्दल एकदा लिहायच्या ऐवजी वर्षात पाच वेळा लिहायला मिळालं, आणि दर वेळी आधीच्या भागाचं दुःख बरोबर घेऊन. डिसेंबरात पुरस्कारांची वेळ आली तेव्हा हा गेम सगळ्यांच्या डोक्यात ताजा होता, शेवटचा भाग येऊन महिनाही झाला नव्हता. हे मी आरोप म्हणून नाही सांगत, पण ‘मास इफेक्ट ३’ मार्चमध्ये आला आणि हा वर्षभर येत राहिला याचा काहीच फायदा झाला नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

सानंदच्या नाटकाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटतं. पहिल्या भागाचं परीक्षण वाचलं तर समीक्षक उधारीवर मार्क देतोय हे कळतं, ‘हे निर्णय पुढे काय रंग आणतात बघू’ अशा भरवशावर. पाचही भाग झाल्यावर त्यातल्या कितीजणांनी मागे जाऊन विचारलं की बुवा, तो रंग आला का? फार थोड्यांनी. तोपर्यंत सगळे शेवटच्या प्रसंगात रडून मोकळे झाले होते. म्हणून वरच्या भंवरकुआंवाल्या मुलाला जो राग आलाय तो मला समजतो, त्याने दोन रात्रीत सलग खेळला, त्याला मधले दोन महिने मिळालेच नाहीत. त्याने २०१२ चा गेम खेळलेलाच नाही एका अर्थी, फाइल तीच असली तरी. माझं ऐकाल तर नातवाला म्हणा एका रविवारी एकच भाग, आणि मधल्या आठवड्यात तुमच्याशी वाद घालायचा. तुम्हाला त्यात जास्त मजा येईल अशी मला दाट शंका आहे.

प्रश्न : ताई नमस्कार, मुलगा आठवीत आहे, सुदामानगरला राहतो आम्ही. तो म्हणतो आई यात एक माणूस लहान मुलीला सांभाळतो, बापलेकीसारखी गोष्ट आहे, बक्षिसं मिळालीयेत, घेऊन दे. मी पण दोन ठिकाणी वाचलं की फार भावनिक आहे, डोळ्यात पाणी येतं वगैरे. घ्यावा का?

उत्तर : नको. मुलगा खोटं नाही बोलला, अर्धंच बोलला (वकील होणार बहुतेक). युरोपात याला १८ वर्षांवरचं रेटिंग आहे, अमेरिकेतही १७ च्या वरचं. चित्रं कॉमिकसारखी रंगवलेली आहेत त्यामुळे दुकानातल्या फोटोत अंदाज येत नाही, पण आत कुऱ्हाड आहे, पाय तोडायचे प्रसंग आहेत, शिव्या आहेत, आणि दुसऱ्या भागात एका डेअरी फार्मवर जेवायला बोलावतात तिथे ताटात काय असतं ते मी इथे लिहीत नाही, तुमची जेवायची वेळ असेल. परीक्षणं लिहिणारे ‘भावनिक’ म्हणतात ते मोठ्यांसाठी म्हणतात हे लिहायचं त्यांच्या ध्यानातच येत नाही. चार-पाच वर्षं थांबा, गेम कुठे पळून जात नाही, आणि तोपर्यंत किंमतही अजून उतरेल.

प्रश्न : मी एका दुकानातून सेकंडहँड डिस्क आणली, वर ‘द वॉकिंग डेड’ लिहिलेलं, दुकानदार म्हणाला हाच तो बक्षीसवाला. घरी लावला तर क्लेमेंटाइन वगैरे कोणी नाही, नुसता बंदुका आणि पेट्रोल शोधत फिरतोय, ग्राफिक्स बेकार. ताई हा कसला बोगस सल्ला दिलात?

उत्तर : अहो दादा, तुम्हाला ‘सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट’ चिकटवलाय. तो २०१३ मध्ये आला, टीव्ही मालिकेवरून काढला, त्यात मालिकेतला डॅरिल आहे, आणि त्याला परीक्षणांत जेवढा मार पडला तेवढा त्या वर्षी फार कमी गेमना पडला असेल. टेलटेलचा गेम रॉबर्ट कर्कमनच्या कॉमिकवरून आहे, जे २००३ पासून निघत होतं. नाव एकच, जग एकच, बनवणारे वेगळे. डिस्कच्या पाठीमागे टेलटेलचं नाव आहे का एवढं बघून घ्यायचं. दुकानदाराला परत नेऊन द्या, घेतली तर घेतली.

प्रश्न : पहिला सीझन संपला, आता पुढचे घ्यावेत का? कोणी म्हणतं कंपनी बंद पडली, गोष्ट अर्धवट राहिली.

उत्तर : अर्धवट नाही राहिली, पण राहता राहता वाचली. पहिल्यानंतर २०१३ च्या जुलैत ‘४०० डेज’ नावाचा छोटा भाग आला, पाच वेगळ्या माणसांच्या पाच गोष्टी, बऱ्या आहेत पण पुढे त्यांचं फारसं काही होत नाही म्हणून लोक नाराज झाले होते. दुसऱ्या सीझनमध्ये तुम्ही स्वतः क्लेमेंटाइन होता, समीक्षकांना आवडला, पहिल्याइतका नाही. तिसऱ्यात नवा नायक, हाविएर, आणि तिथे परीक्षणांचा सूर चांगलाच उतरला, कारण तोपर्यंत त्याच साच्यातून टेलटेलने ‘गेम ऑफ थ्रोन्स’ काढला, ‘बॅटमन’ काढला, आणि पट्टी सरकतेय, कोणीतरी लक्षात ठेवतंय, हे बघून लोकांना कंटाळा यायला लागला होता. मला वाटतं पहिल्या सीझनला ज्या चुका माफ झाल्या त्यांची वसुली इथे झाली. गेम चालवणारं इंजिन अजून अडखळतच होतं.

मग २०१८ मध्ये शेवटचा सीझन सुरू झाला आणि सप्टेंबरमध्ये, दुसरा भाग यायच्या तोंडावर, कंपनीने जवळपास अडीचशे लोकांना एका फटक्यात काढलं, पंचवीसेक उरले. गोष्ट खरंच मधेच लटकली होती. शेवटी कर्कमनच्याच स्कायबाउंड कंपनीने काम हातात घेतलं, टेलटेलमधलेच काही लोक बोलावले आणि मार्च २०१९ मध्ये चौथा आणि शेवटचा भाग बाहेर काढला. या सीझनचं परीक्षण वाचाल तर एक ध्यानात ठेवा, त्यातली काही पहिला भाग आल्यावर लिहिलेली आहेत, काही कंपनी बुडाल्यावर, काही सगळं झाल्यावर, आणि तिन्हींचा सूर वेगळा आहे. तारीख बघून वाचा.

तुमच्यासाठी म्हणाल तर दुसरा घ्या आणि एकदम शेवटचा घ्या. तिसरा कोणाकडे उसना मिळाला तर ठीक, नाहीतर त्यात काय झालं ते कोणालाही विचारा, दहा मिनिटांत सांगेल. सगळे सीझन एकत्र असलेला संच २०१९ मध्ये निघालाय, सेलमध्ये असेल तर सुटे घेण्यापेक्षा तोच स्वस्त पडतो.